बत्तीस बोअर: खिशाआधी हात

आमची पेढी चोपड्यात आहे. सराफीच्या धंद्यात भीती दुकानातली कमी आणि रस्त्यावरची जास्त. जून २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचं झालं आणि घडवलेला माल शिक्क्यासाठी जळगावला नेण्याआणण्याच्या फेऱ्या वाढल्या. अडावद, धानोरा, विदगावजवळचा तापीचा पूल, की आलं जळगाव. रस्ता पायाखालचा आहे, पण डिसेंबरात सहालाच अंधारतं आणि मांडीवर दुसऱ्याच्या लेकीच्या लग्नाचे दागिने असतात. आमचे हे होते तोवर त्यांच्या कमरेला त्यांचं जुनं रिव्हॉल्व्हर असायचं. मी कधी हातही लावला नव्हता. ते गेले, पेढी मी चालवायला घेतली, आणि रस्ताही माझ्याच वाट्याला आला.

ते गेल्यावर हत्यार पोलीस ठाण्यात जमा केलं आणि वारस म्हणून माझ्या नावाने परवान्याचा अर्ज केला. पोलिसांचा अहवाल, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, शेवटी जिल्हाधिकारी कार्यालयात मुलाखत. परवाना हातात पडेपर्यंत सव्वा वर्ष गेलं. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षं चालतो. ह्यांचं रिव्हॉल्व्हर माझ्याकडे राहिलंच, म्हणजे आणखी एकाची जागा होती. ते एक कोणतं घ्यावं, यासाठी मी सहा महिने घेतले. जे कळलं ते सगळं इथे लिहिते आहे, कारण मी शोधत होते तेव्हा एका बाईने, स्वतःच्या हाताने वापरून, मराठीत लिहिलेलं मला काहीच मिळालं नव्हतं.

आधी एक गोष्ट. सव्वा वर्षाच्या त्या वाट पाहण्यात ओळखीच्या एकाने मला "लगेच मिळेल असं" सुचवलं होतं. आमच्याच तालुक्याच्या टोकाला, सातपुड्यात, मध्य प्रदेशाच्या हद्दीवर उमर्टी आहे. गावठी कट्टा पकडल्याच्या बातम्यांत ते नाव सारखं येतं. मी त्या माणसाला पेढीची पायरी उतरायला सांगितलं. विनापरवाना हत्यार जवळ बाळगलं तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं शिक्षा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या नळीचं पोलाद कुठलं, तिची चाचणी कुणी घेतली, हे कुणालाच माहीत नसतं. असली नळी पहिल्यांदा फुटते ती धरणाऱ्याच्या हातात.

माझा भाचा पुण्याला असतो. त्याने मला मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. तिकडे खिशातल्या पिस्तुलांचा वेगळाच संसार आहे. केल-टेक कंपनीचं पी-३२ नावाचं पिस्तूल १९९९ चं, बत्तीस बोअरचंच (बोअर म्हणजे नळीचं माप, बत्तीस म्हणजे ०.३२ इंच), वजन दोनशे ग्रॅमच्या आत. रुगरचं एलसीपी २००८ चं. २०१८ पासून सिगचं पी-३६५, तळहाताएवढं, तरी मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत, नऊ एमएमची दहा काडतुसं. पाहून हरखायला होतं. पण नऊ एमएम आपल्याकडे सामान्य माणसाला बंद आहे, आणि ऐंशीच्या दशकापासून परदेशी हत्यारांची खाजगी आयातही बंद आहे. जी जुनी वॉल्थर, बेरेटा पिस्तुलं लोकांकडे आहेत ती बहुतेक त्याआधीची, आणि हात बदलताना त्यांची किंमत काही लाखांत जाते. तसं एक पिस्तूल मी एका मोठ्या शहरातल्या दुकानात पाहिलं. बाहेरून चकाकत होतं, पण मॅगझिन दोनदा आपोआप खाली सरकलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, स्प्रिंग बदलून देऊ." अंधारात रस्त्यावर उभी असताना मी कुणाला स्प्रिंग बदलून मागणार? सुटे भाग मिळत नाहीत अशा हत्यारावर जीव सोपवायचा नाही, हे तिथेच ठरलं.

म्हणजे आपल्यासमोर मुख्यतः उरतं ते बत्तीस बोअर. त्यातही एक मोठा घोटाळा आहे, तो नवीन माणसाला कुणी समजावून सांगत नाही. पिस्तुलाचं बत्तीस वेगळं आणि रिव्हॉल्व्हरचं बत्तीस वेगळं. पिस्तुलाचं काडतूस आखूड, जॉन ब्राउनिंग या अमेरिकी बंदूककाराने १८९९ च्या सुमारास काढलेलं. रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब, बुडाला रुंद कडा असलेलं, तेही त्याच काळातलं. परवान्यावर, बोलण्यात, पावतीवर सगळीकडे नुसतं "बत्तीस" असतं. काडतुसं घेताना हत्यार कोणतं ते स्पष्ट सांगा, डबी उघडून पाहा, आणि एकाचं काडतूस दुसऱ्यात बसतंय असं वाटलं तरी घालू नका. बुडावर "केएफ" अशी अक्षरं दिसतात, ती खडकीच्या कारखान्याची खूण. आपल्या जिल्ह्यात वरणगावलाही काडतुसांचा कारखाना आहे, पण तो मुख्यतः फौजेसाठी.

आता हत्यारांकडे येते.

दुकानात समोर तीन ठेवली होती. पहिलं, सरकारी कारखान्याचं अशनी पिस्तूल, जुन्या ब्राउनिंगच्या वळणाचं. दुसरं, कानपूरचं निर्भीक रिव्हॉल्व्हर, २०१४ च्या जानेवारीत आलेलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन पाचशे ग्रॅम. तिसरं, प्रबल, तेही कानपूरचं, ऑगस्ट २०२३ मधलं, सातशे ग्रॅम, ज्याचं काडतुसं भरायचं चक्र बाजूला उघडतं. निडर नावाचं अडीचशे ग्रॅमचं एक छोटं रिव्हॉल्व्हरही आहे, पण ते बावीस बोअरचं. एवढ्या छोट्या गोळीवर माझा जीव टाकायला मन धजलं नाही, म्हणून मी ते बाजूला ठेवलं. उत्तर प्रदेशात संडीला इथे वेबली अँड स्कॉट या मूळच्या इंग्रजी कंपनीची रिव्हॉल्व्हरं आता भारतात बनतात, पण ती मला हातात घेऊन पाहायला मिळाली नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल काही लिहीत नाही.

पहिल्या नजरेत मला पिस्तूलच आवडलं. चपटं. कुर्त्याच्या खिशात घातलं तर मोबाईलसारखं सपाट बसतं. रिव्हॉल्व्हरचं चक्र मात्र मध्येच फुगलेलं असतं, खिशाला पोट येतं. लपवून बाळगायचं म्हणजे चपटं हवं, हे कुणालाही पटेल. आणि आपल्याकडे लपवून बाळगणं हौस नाही, नियम आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, आणि पूर्ण झाकलेलंच असावं लागतं. कमरेला दिसेल असं लावून लग्नात मिरवणारे जे असतात, ते नियम मोडत असतात. वरातीत हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मी पिस्तूल घेऊनच टाकणार होते. माझ्यासोबत आमच्या ओळखीचे एक निवृत्त हवालदार आले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. उभी हयात फौजेत काढली, आता धानोऱ्याकडे केळी लावतात. ते दुकानात तासभर गप्प बसले होते. मी पैशाचं बोलायला लागल्यावर अहिराणीत म्हणाले, "वहिनी, खिसामा मावस का नही ते मांगून दखा. पहिले हातमा मावस का ते दखा." म्हणजे खिशात मावतं का ते नंतर पाहा, आधी हातात मावतं का ते पाहा. आणि रिकामं पिस्तूल माझ्या हातात देऊन स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायला सांगितली. ती मागे ओढून सोडली की काडतूस नळीत जातं.

पहिल्यांदा ओढली. दुसऱ्यांदा अर्ध्यावर अडकली. पाचव्यांदा माझ्या डाव्या मनगटातून कळ निघाली. तीन वर्षांपूर्वी यावल नाक्यावर स्कूटीवरून पडून ते मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण पूर्वीची पकड परत आली नाही. अण्णांनी वीस वेळा ओढायला लावलं. वीसपैकी अकरा वेळा स्लाईड पूर्ण मागे गेली. बाकीच्या नऊ वेळा गेली नाही. खोलीत पंखा होता, समोर चहा होता, माझ्या जिवाला काही धोका नव्हता, तरीही नऊ वेळा नाही.

यात पिस्तुलाचा दोष नाही. या जातीच्या साध्या पिस्तुलात स्लाईडला अडवून धरणारं कुलूप नसतं. गोळी सुटताना स्लाईड लगेच मागे उडू नये म्हणून तिचं स्वतःचं वजन आणि तगडी स्प्रिंग एवढाच आधार असतो. म्हणून पिस्तूल जितकं छोटं, तितकी स्प्रिंग कडक. भाचा दाखवत होता त्या अमेरिकी पिस्तुलांत नळी मागे सरकून खाली झुकते, क्षणभर कुलूप लागतं, म्हणून ती इतकी हलकी असूनही स्लाईड त्यामानाने मऊ जाते. हे मला अण्णांनी एका वहीच्या कागदावर काढून दाखवलं. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. दहा व्हिडिओंतून जे कळलं नाही ते त्या चित्रातून कळलं.

"मग नळीत काडतूस भरूनच ठेवलं तर? स्लाईड ओढायलाच नको," असं मी विचारलं. अण्णा एकदम गंभीर झाले. जुन्या वळणाचं पिस्तूल नळीत काडतूस ठेवून खिशात बाळगायचं आणि ते कधी फरशीवर पडलं तर काय होईल, याची हमी कुणी देत नाही. आमच्या घरात चार वर्षांची नात आहे. तो विषय तिथेच संपला. नळी रिकामी ठेवायची तर वेळेला दोन्ही हात लागणार, आणि त्यातला एक माझा कमजोर. पिस्तूल परत काचेच्या कपाटात गेलं. ज्यांची मनगटं धड आहेत, जे महिन्याला सराव करतात, त्यांना ते चांगलंच ठरेल. माझ्या हाताला ते नव्हतं, एवढंच.

रिव्हॉल्व्हरला हे काही लागत नाही. चाप ओढला की चक्र फिरतं, काडतुसावर आपटणारा घोडा मागे जातो आणि पडतो. एखादं काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं येतं. सगळा भार एका बोटावर. आणि ते बोट जोरदार हवं, कारण घोडा उचलण्याचं कामही त्यानेच करायचं असतं. इथे मी तोच खेळ केला. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप वीस वेळा. उजव्या हाताने वीसच्या वीस झाले. पंधरानंतर बोट थरथरायला लागलं, नेम हलायला लागला, पण चाप अडला नाही.

निर्भीक बाजारात आलं तेव्हा "महिलांसाठी हलकं" म्हणून त्याची जाहिरात झाली होती. किंमत त्यावेळी एक लाख बावीस हजार तीनशे साठ रुपये होती. बाईसाठी हलकं हवं, हा विचार चांगल्या मनाने केलेला असेल, पण तो अर्धाच आहे, आणि पुढचं प्रत्येक बाईला दुकानातच सांगायला हवं. हत्यार हलकं म्हणजे वागवायला सोपं. झाडायला मात्र अवघड. गोळीचा धक्का तेवढाच असतो, तो पचवायला लोखंड कमी पडतं, मग उरलेला धक्का तळहाताला बसतो. ह्यांचं जुनं रिव्हॉल्व्हर मी नेमबाजीच्या रेंजवर झाडलं होतं. जड आहे, पण धक्का अंगाला लागत नाही. बत्तीस मुळात सौम्य काडतूस, म्हणून हलक्या रिव्हॉल्व्हरलाही तो सहन होण्याजोगा राहतो, एवढंच. हलकं घेणाऱ्या बाईने सराव जास्त करायला हवा, कमी नाही.

प्रबलची मूठ मला तिघांत सगळ्यात छान बसली. बोटं पुरतात, पकड भरते. नळी शहात्तर मिलिमीटर. कंपनी पल्ला पन्नास मीटर सांगते. माझं काम पाच-सात मीटरच्या पलीकडे कधी जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे, म्हणून त्या आकड्याने माझा निर्णय बदलला नाही. बाजूला उघडणारं चक्र आजकालच्या पद्धतीचं आहे. निर्भीकची नळी मात्र खाली वाकते, जुन्या वेबलीसारखी, आणि वाकली की सगळ्या पुंगळ्या एकदम वर येतात. माझ्या डाव्या हाताला ते वाकवणं जमलं. प्रबलचं चक्र डाव्या तळहातावर तोलून भरणं मला जरा कसरतीचं वाटलं. दोनशे ग्रॅमचा फरकही कुर्त्याच्या एका बाजूला दिवसभर कळतो, खांदा ओढतो.

शेवटी ठरवलं ते आमच्या उन्हाने. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. सुती पातळ कपडे, अंगावर घाम, रस्त्यावर धूळ, गाडीच्या काचा खाली. ह्यांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरवर कमरेच्या बाजूने गंजाचे ठिपके आहेत, इतकी वर्षं घामाने पडलेले. ते रोज रात्री तेल लावायचे, तरी पडले. टायटॅनियमला घामाने गंज चढत नाही. आत पोलादाचे भाग आहेतच, त्यांना तेल लागतंच, पण मूळ अंग टिकतं. मी निर्भीक घेतलं. बोलावं ते खरं बोलावं, ते मला महाग पडलं. आता घेणाऱ्याने कराचाही हिशोब करावा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावर जीएसटी अठ्ठावीसचा चाळीस टक्के झाला आहे.

घेऊन आता दीड वर्षाच्या वर झालं. रेंजवर एकूण नव्वद गोळ्या झाडल्या. सात मीटरवर पहिल्या दिवशी सहापैकी दोन लागल्या, त्याही कागदाच्या कडेला. आता सहापैकी पाच जेवणाच्या ताटाएवढ्या गोलात जातात. पहिल्या दिवशी अंगठ्याच्या मुळाशी लाल झालं होतं, आता होत नाही. मधल्या दिवसांत घरी डमी काडतुसं घालून, दार लावून, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, भिंतीकडे तोंड करून रोज दहा वेळा चाप ओढते. मनगटाचे डॉक्टर म्हणाले त्या व्यायामाने जेवढा फरक पडला नाही तेवढा याने पडला.

खिशाचं सांगायचं राहिलं, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. साडीत रिव्हॉल्व्हर कुठे ठेवणार? पर्समध्ये, असं सगळे सांगतात. मी पर्स महिनाभर वापरून पाहिली आणि सोडली. पर्स हीच चोराच्या हातात आधी जाते. ती मी दुकानात खुर्चीवर ठेवते, लग्नात मांडीवरून उतरवते, नात तिच्यात खाऊ शोधते. हत्यार अंगापासून वेगळं होता कामा नये. म्हणून जळगावच्या फेरीच्या दिवशी मी साडी नेसत नाही, कुर्ता घालते. आमच्या शिंप्याकडून उजव्या बाजूला खोल खिसा शिवून घेतला. आत जाड कॅनव्हासचं अस्तर, तोंड तिरपं. त्या खिशात नुसतं रिव्हॉल्व्हर घातलं तर ते उलटंपालटं होतं, मूठ खाली जाते. म्हणून चामड्याचं पाकीट करून घेतलं. बसस्टँडजवळच्या चर्मकार दादांनी केलं. चाप पूर्ण झाकला जातो, बाहेरची बाजू खरखरीत ठेवली आहे म्हणजे पाकीट खिशात राहतं आणि रिव्हॉल्व्हर तेवढं हातात येतं, आणि समोर एक सपाट तुकडा लावला आहे म्हणजे चक्राचं पोट दिसत नाही. खिशात पैशाच्या पाकिटासारखं काही असल्यासारखं वाटतं, बंदूक वाटत नाही. त्या खिशात दुसरं काहीही ठेवत नाही. किल्ली नाही, रुमाल नाही, सुपारीची डबी नाही. किल्ली चापात अडकली की काय होतं, ते सांगायला लागू नये.

घोड्याखालची जागा मी रिकामी ठेवते. सहाऐवजी पाच. पडल्यावर गोळी सुटू नये यासाठी आत आडवा तुकडा आहे की नाही, ते आपल्या हत्याराबद्दल विकणाऱ्याकडून लेखी मागा, आणि मिळालं नाही तर पाचच भरा. दर आठवड्याला पाकिटातून काढून पुसते. कापसाचे दिवस असले की बारीक तंतू खिशातून थेट नळीत जातात, आपल्याकडे हे विशेष लक्षात ठेवायचं. घरी आल्याबरोबर तिजोरीत, रिकामं करून. काडतुसं वेगळ्या कप्प्यात, किल्ली माझ्या गळ्यात.

निवडणूक लागली की हत्यार बहुतेक वेळा ठाण्यात जमा करावं लागतं. २०२४ मध्ये लोकसभा झाली, मग विधानसभा झाली, म्हणजे दोनदा ठाण्यात गेलं. जमा करताना तेल पाजून, पिशवीत घालून, नंबर लिहून द्या आणि पोच जपून ठेवा. परत घेताना तिथेच रिकामं असल्याची खात्री करा. जमा असतानाच्या त्या महिन्यांत मी फेऱ्या सकाळच्याच ठेवल्या आणि जोडीला दुसऱ्या पेढीवाल्याची गाडी घेतली. खरं तर तेव्हापासून तीच पद्धत कायम केली आहे. दोन गाड्या, उजेडात, वेळ दर वेळी वेगळी. रिव्हॉल्व्हर खिशात आहे, पण अजून एकदाही बाहेर काढावं लागलेलं नाही, आणि तसं लागू नये म्हणून मी आधी या बाकीच्या गोष्टी करते. जीव वाचवण्यासाठी कायदा हक्क देतो, भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ ही कलमं त्यावरच आहेत. ती वकिलाकडे बसून एकदा समजून घ्या. मी दोन तास बसले होते.

माझी नणंद शहाद्याला असते. तिचं मेडिकल दुकान रात्री उशिरा बंद होतं, तिलाही परवाना मिळाला आहे. तिने फोनवर विचारलं, "वहिनी, मीही निर्भीकच घेऊ का?" मी हो म्हटलं नाही. तिची मनगटं धड आहेत, हात माझ्यापेक्षा मोठा आहे, आणि ती दुकानात ऍप्रन घालते, ज्याला पुढे मोठा खिसा आहे. तिला पिस्तूल जमेल, कदाचित प्रबलही. येत्या रविवारी ती चोपड्याला येते आहे. सोमवारी अण्णांना घेऊन त्याच दुकानात जायचं ठरलं आहे. ऍप्रन सोबत आण, एवढं मी तिला सांगितलं आहे, आणि दुकानात प्रत्येक हत्यार वीस वेळा ओढून झाल्याशिवाय किंमत विचारायची नाही हेही.